गालांवरची लाली

गाल लाल झाले म्हणजे बाई लाजली, नाहीतर रागावली, असं आपण सर्रास समजतो. पण हीच लाली दिवस-दिवस उतरेना, चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा तापू लागला, की त्यातली गंमत संपते. तिशी उलटल्यावर माझं तसंच झालं. शाळेत मुलं विचारायची, "बाई, रागावलात का?"

सल्ले चिक्कार मिळाले. कुणी म्हणे सब्जा घे, कुणी म्हणे डाळीचं पीठ नि लिंबू चोळ. शेजारच्या वहिनींनी तर आपली ट्यूबच पुढे केली. "लाव गं, दोन दिवसांत उतरेल." ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन लिहिलं होतं. म्हणजे स्टेरॉइड! ट्यूब परत दिली नि त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी नाव सांगितलं, रोझेशिया. यात चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुगतात. तिशीनंतर, त्यातून बायकांत, हा त्रास अधिक. तो संसर्गाने पसरत नाही; समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो. सावळ्या रंगावर लाली फारशी दिसत नाही, नुसती आग होते नि पुटकुळ्या येतात. मग आपण मुरमं समजून भलतेच उपाय करतो.

वहिनींची गोष्ट निराळी. रंग उजळावा म्हणून त्या वर्षभर ती ट्यूब लावत होत्या. लावली की चेहरा तुकतुकीत, बंद केली की लालबुंद. म्हणून पुन्हा लावायची! कातडी पातळ झाली, गालांवर शिरा दिसू लागल्या, लव वाढली. भाचीच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी ते मलम हळूहळू सोडवलं. त्याला काही महिने लागले. 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण एका घरची ट्यूब दुसऱ्या घरी जाते, तिला कोण अडवणार?

मी महिनाभर एका वहीत टिपून ठेवलं, लाली कधी चढते. दुपारचं ऊन, वाफाळता चहा, झणझणीत रस्सा, फोडणीपुढची धग आणि पेपर तपासण्याची धांदल! तुमची कारणं वेगळी असतील, म्हणून वही हवीच. आता चहा निववून घेते, बाजार सकाळीच उरकते, बाहेर पडताना छत्री नि तीस एसपीएफचं सनस्क्रीन. चेहरा सौम्य साबणाने नि साध्या पाण्याने धुवावा, घासू नये, मऊ पंचाने टिपावा. उटणं, लिंबू, ब्लीच यांना रजा! नवं काही आणलंत तर आधी चार दिवस कानामागे लावून पाहा. बाकी औषध डॉक्टर देतील तेच.

आणि एक. गालांच्या लालीबरोबर सांधे दुखत असतील, बारीक ताप, फार थकवा असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. डोळे सतत चुरचुरत असले तरीही घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आज दुपारी कपाट उघडाल तेव्हा घरातली मलमं काढून नावं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांतलं काही तुम्ही रोज तोंडाला लावत असाल, तर एकदम फेकू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि काही झालं तरी ती मैत्रिणीला देऊ नका.