एक अक्षर

गेल्या रविवारी अजिंठ्याला गेलो होतो. सतरा नंबरच्या लेण्यात मातृपोषक जातकाचं चित्र आहे, आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती. गाईड पुढे सरकला, मी तिथेच! घरचा चिकू आठवला ना...

चिकू म्हणजे आमचा जॅक रसेल टेरियर, वय ५. जानेवारीत त्याच्या उजव्या डोळ्यातलं भिंग सरकलं. ते धरून ठेवणारे बारीक धागे तुटले, डोळ्यातला दाब वाढला, नजर गेली. आम्ही दोन दिवस 'डोळे आले असतील' म्हणत थेंब घालत बसलो.

कारण? एडीएएमटीएस१७ या जीनमधलं एक बदललेलं अक्षर, २०१० मध्ये सापडलेलं. आई-बाप दोघांकडून आलं तरच बहुधा हा बग उठतो. एकच प्रत असलेले आईबाप सहसा धडधाकट दिसतात, पण त्यांच्या दर पिल्लाला चारात एक धोका. चाचणी असते. आम्ही पिल्लू घेताना फक्त रंग पाहिला.

परवा शेजारी म्हणाले, "चिकूचं एक पिल्लू द्या ना!" नाही म्हटलं. त्याचं प्रत्येक पिल्लू ते अक्षर घेऊनच जन्मेल.

असो. उद्या डाव्या डोळ्याचा दाब मोजायला जायचंय.