तंगुसाची जाळी

संपादकांनी लेख मागितला तो वाइनच्या मळ्यांवर आणि तिथल्या पशुपक्ष्यांवर. मी राहतो उंब्रजला, तारळी आणि कृष्णेच्या संगमावर. हा भाग उसाचा. माझं सल्लागाराचं काम खालच्या अंगाला, पलूस, कडेगाव, तासगावच्या बागांत. तिथं वाइन फारशी नाही. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क झालं, पण नाशिकसारखा जम बसला नाही. आमचं द्राक्ष खायचं आणि बेदाण्याचं: थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. म्हणून लिहितो ते याच बागांबद्दल, आणि त्यातही पाखरांपासून राखायला बागेवर लावतात त्या जाळीबद्दल, कारण तो विषय डोक्यातून जात नाही.

गेल्या हंगामात पलूसजवळ एका बागेत डाऊनीचा रोग बघायला गेलो होतो. कडेच्या जाळीत गव्हाणी घुबड लटकलेलं होतं. सुटायच्या धडपडीत गोल फिरून जाळीला पीळ पडला होता आणि धागा पंखाच्या सांध्यात हाडापर्यंत रुतला होता. बांधावर जाळीचा जो ढीग पडला होता त्यात एक धामण अडकून वाळून गेली होती. शेजारीच ठिबकच्या नळ्यांचं नवं बंडल. जुन्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. बागायतदार हळहळला. "साहेब, जाळी पाखरांसाठी लावली, ह्याच्यासाठी नव्हं." उंदीर खाणारे दोघंही त्याच्याच जाळीत मेले होते, हे मी सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

तंगूस म्हणजे मासे धरायचा एकेरी, पारदर्शक नायलॉनचा धागा. माशाला दिसू नये म्हणूनच तो तसा बनवतात. स्वस्त पडतो म्हणून बागेला लावतात, आणि दिवेलागणीला उंदरावर झेपावणाऱ्या घुबडालाही तो दिसत नाही. सापाचं वेगळं. तो भोकातून डोकं घालतो, मधला जाड भाग अडकतो, मागं सरायला गेला की खवले धाग्यात गुंततात आणि फास आवळतो. जाड, विणलेल्या, पांढऱ्या धाग्याची जाळी ताणून बांधली तर पाखरू थटून परत जातं. सैल सोडलेला तंगूस धरून ठेवतो. जाळी वाईट असं मी म्हणत नाही. वाईट आहे ती सैल, न दिसणारी आणि बारमाही जाळी.

बारमाहीवर माझा खरा राग आहे. फळछाटणीनंतर साधारण तीन महिने मणी कडक आणि आंबट असतो; त्याला पाखरू चोच लावत नाही. पाणी उतरलं, मणी मऊ पडला, साखर चढू लागली की मग बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि भोरड्यांचे थवे येतात. तिथून काढणीपर्यंत महिना-दीड महिना जाळी हवी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर एक घड नसतो, तरी जाळी तशीच लोंबत असते.

लोक म्हणतात, पाखरांनी बाग खाल्ली. पाखरांचा मार मुख्यतः कडेच्या ओळींना बसतो, तोही लहान बागेत जास्त, हे मी नाकारत नाही. पण बागा बसल्या त्या पावसानं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानं द्राक्षाचं काय केलं ते आठवा. लगेच २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी युरोपनं आपला माल अडवला. त्यात भोरडीचा काय दोष? ती शेतातले नाकतोडेही खाते, हे कुणी हिशेबात धरत नाही.

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात द्राक्षमळ्यांत ससाणे आणून सोडले. ज्या मळ्यांत ते स्थिरावले तिथं पाखरांनी नेलेली द्राक्षं ९५ टक्क्यांनी कमी भरली. कॅलिफोर्नियात नापाच्या मळ्यांत घुबडांसाठी पेट्या टांगतात. आपल्याकडे शिक्रा आहे, कापशी घार आहे, गव्हाणी घुबड आहे, सगळी न आणता आलेली. आपण त्यांना तंगुसात मारतो आणि मग उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचं विष टाकतो. ते खाऊन सुस्तावलेला उंदीर उरलंसुरलं घुबड खातं.

सागरेश्वर अभयारण्याजवळ प्रश्न निराळा आहे. धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर झाडं जगवली, १९८५ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पायथ्याला ताकारी योजनेचं पाणी आणि हिरवी शिवारं. चितळ, सांबर बाहेर येणारच. रात्र जागून काढणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याला मी सहनशीलता शिकवणार नाही. ते काम कुंपणाचं आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईचं, म्हणजे सरकारचं आहे.

जाळीचं मात्र आपल्या हातात आहे. मी देतो त्या वेळापत्रकात काढणीच्या खाली आता एक ओळ असते: जाळी उतरवा, गुंडाळा, शेडमध्ये ठेवा. त्यावर हमखास उत्तर येतं, "चार बायका लावाव्या लागतील साहेब, हजेरी कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. बेदाण्याचा दर पडलेल्या वर्षी हजार रुपयेही जड होतात. फलोत्पादन अभियानातून पक्षीरोधक जाळीला अर्धं अनुदान मिळतं. त्याच अनुदानात तंगूस चालणार नाही अशी अट आणि वर्षातून एकदा जाळी उतरवायची मजुरी, एवढं घालावं, ही माझी मागणी आहे. ती लेखी दिली आहे. उत्तर येईपर्यंत बागायतदारांना एवढंच सांगतो की निदान खालची दोन फूट जाळी वर उचलून तारेला बांधा.