दोन तोतये

परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक म्हणून उभें राहण्याचें काम आम्ही गेलीं तीस वर्षें करीत आलों आहों. विद्याखात्यांत याहून कंटाळवाणें काम दुसरें नसेल. तीन तास वाचावयाचें नाहीं, लिहावयाचें नाहीं, शेजारच्या सहकाऱ्याशीं बोलावयाचें नाहीं, केवळ पाहावयाचें. मात्र या पाहणाऱ्याकडे पाहणारा कोणी नसतो. भरारी पथक म्हणून एक प्रकार आहे खरा. पण त्याची वर्दी त्याच्या मोटारीच्या आधींच येऊन पोंचते. पथक दारांत क्षणभर उभें राहतें, निरपराध मुलांच्या पोटांत गोळा उठवितें, आणि प्राचार्यांच्या खोलींत चहा घेऊन पुढील गांवास निघून जातें.

पर्यवेक्षकाची परीक्षा घेणारे लोकहि जगांत आहेत, हें आम्हांस गेल्या दिवाळींत कळलें. आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेंत स्थायिक झाली आहे. ती भेटीस आली असतां आपल्या जोडधंद्याविषयीं बोलूं लागली. दुकानांत बनावट गिऱ्हाईक पाठवून विक्रेत्याची वागणूक तपासण्याची चाल त्या देशांत जुनी आहे. तिला 'मिस्टरी शॉपिंग' म्हणतात. तीच युक्ति परीक्षाकेंद्रांसहि लावतात. तिकडे हिशेबतपासनिसांची परवान्याची परीक्षा प्रोमेट्रिक कंपनीच्या केंद्रांत, तर परिचारिकांची पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांत, संगणकापुढें बसून द्यावयाची असते. अशा एकाद्या केंद्रांत कधीं तरी एक परीक्षार्थी असा येतो, कीं ज्याला उत्तीर्ण होण्याची मुळींच फिकीर नसते. (तिला कोणत्या कंपनीनें नेमलें आहे हें तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.)

वेळेच्या अर्धा तास आधीं ती हजर होते. ओळखपत्रावरील छायाचित्राशीं चेहरा खरोखर ताडून पाहिला, कीं नुसती मान हलविली? खिसे उलटे करावयास लावले काय? चष्मा मागून घेऊन त्याच्या काड्या न्याहाळल्या काय? पर्यवेक्षक दालनांतून फेरी घालतो, कीं कांचेमागें बसून स्वतःच्या फोनमध्यें रमतो? हें सारें ध्यानांत ठेवावयाचें, आणि तेंहि चिटोऱ्याविना. कारण आंत कागद नेण्यास बंदी, आणि कच्च्या कामासाठीं दिलेली पाटी परत करावी लागते. बाहेर आल्यावर मोटारींत बसून ती सर्व कांहीं आठवून लिहिते. "सर, तुम्ही आम्हांला कविता पाठ करावयास लावीत होतां, त्याचा हा उपयोग झाला," असें ती हंसून म्हणाली. इंग्रजी काव्याचा इतका रोकडा उपयोग आम्हांस यापूर्वीं कोणीं सांगितला नव्हता.

गंमत अशी, कीं हा तोतया ज्या चोऱ्यांवर पहारा करावयास जातो, त्यांतील मोठी चोरी तोतयेपणाचीच असते. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हां १७७६ मध्यें त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पुणें दरबाराची झोंप उडाली होती. परीक्षेच्या तोतयास तितकें धाडस लागत नाहीं. समोरच्या माणसानें डोळेझांक केली म्हणजे पुरतें.

लंडनमध्यें तसें घडलें. बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' या कार्यक्रमानें परीक्षार्थी म्हणून माणसें पाठवून गुप्तपणें चित्रण केलें, आणि फेब्रुवारी २०१४ मध्यें तें दाखविलें. परीक्षा होती व्हिसासाठीं लागणारी 'टोईक' ही इंग्रजीची. खरे उमेदवार बाजूस उभे, आणि त्यांच्या जागीं इंग्रजी येणारे भाडोत्री बसलेले. दुसऱ्या एका पेपराच्या वेळीं तर केंद्राचाच माणूस बरोबर उत्तरें मोठ्यानें वाचून दाखवीत होता, आणि दोन तासांचें काम सात मिनिटांत आटोपलें. येथवर एका तोतयानें दुसऱ्यास पकडलें, हें उत्तम झालें. पुढील भाग मात्र आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें ध्वनिमुद्रणांतील आवाज यंत्रानें ताडून २०११ ते २०१४ मधील ५८ हजारांहून अधिक परीक्षांपैकीं ९७ टक्के संशयास्पद ठरविल्या. त्यांतील बहुतेक तर साफ बाद. भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथून गेलेल्या हजारों मुलांवर त्यामुळें संकट कोसळलें. त्यांत लबाड होते यांत शंका नाहीं. परंतु कांहींजणांवर नाहक आळ आला असण्याचा संभव आहे, असें २०१९ मध्यें ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानेंच म्हटलें. आणि हजारोंनीं आपलीं अपिलें जिंकलींहि. तपासावयास गेले पर्यवेक्षकास, आणि वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या परीक्षार्थ्यांनीं!

कौटिल्यास असल्या उपायांतील धोका ठाऊक होता. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत अमात्यांची पारख करण्यासाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा सांगितल्या आहेत. गुप्त हस्तकांकरवीं मोह घालावयाचा, आणि कोण डगमगतो तें पाहावयाचें. पण निर्दोष माणसास दूषित करणें हें पाण्यांत विष कालविण्यासारखें आहे, असेंहि तो त्याच प्रकरणांत बजावतो. आमच्या विद्यार्थिनीच्या मालकांनीं अर्थशास्त्र वाचलें नसेल. तरी कोणास कांहीं देऊं करावयाचें नाहीं, नुसतें पाहावयाचें, असा तिला सक्त हुकूम आहे. ही मर्यादा पाळली जात असेल, तर आम्ही या तोतयाच्या बाजूचे आहों. आपल्याकडे २०२४ च्या कायद्यानें परीक्षा घेणाऱ्या कंपनीस एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे; पण दंड करण्याआधीं कोणी तरी पाहिलेलें असावें लागतें, आणि वर्दी देऊन येणाऱ्यास सर्व कांहीं यथास्थितच दिसतें.

एक गोष्ट सांगतांना मात्र ती अडखळली. हिंवाळ्यांतील एका सकाळीं पुढल्या रांगेंतील एक मुलगी परीक्षा चालूं असतांनाच मुसमुसूं लागली. वयस्क पर्यवेक्षिका बाई आंत आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेल्या, पाणी दिलें, कांहीं बोलल्या, आणि तिला परत आणून बसविलें. तेवढा वेळ, चार मिनिटें, दालनावर कोणी नव्हतें. अहवालाच्या नमुन्यांत प्रश्न होता: दालन पर्यवेक्षकाविना राहिलें काय? तिनें "होय" लिहिलें. कारणासाठीं रकाना नव्हता. तें तिनें शेऱ्याच्या जागीं लिहिलें.

"सर, मीं बरोबर केलें ना?"

बरोबरच केलें, असें आम्ही म्हणालों, आणि आजहि म्हणूं. त्या दालनांत आणखी दहा-बारा जण बसले होते, आणि पहारा त्यांच्यासाठींहि होता. पण त्या रडणाऱ्या मुलीनें जर अहवाल लिहिला असता, तर त्यांतहि एक अक्षर खोटें नसतें. शेरा कोणीं वाचला कीं नाहीं हें आमच्या विद्यार्थिनीस कळलें नाहीं. एकदां गेलेल्या केंद्रांत त्याच माणसास पुन्हां धाडीत नाहींत. चेहरा ओळखला जाण्याची भीति. त्यामुळें त्या बाई अद्याप तेथें कामावर आहेत कीं नाहींत, याचाहि तिला पत्ता नाहीं. मार्चमध्यें तिला दुसऱ्या एका शहरांत परीक्षेस बसावयाचें आहे.