धृपद धरणारे

वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा असतो आणि त्याच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते. चरण पुढचा म्हणतो, धृपद मागचे धरतात. कीर्तनकाराला निरूपणासाठी जी उसंत मिळते, ती मागच्यांनी सूर पडू दिलेला नसतो म्हणून. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात आरंभीच्या दिवसांविषयी सांगताना, आपण पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरत होतो, असे आवर्जून नोंदवले आहे. एवढ्या मोठ्या कवीने आपल्या घडणीत या कामाला स्थान दिले. आपल्या समीक्षेने मात्र ते फारसे दिलेले नाही. आपले वाङ्मयेतिहास काय किंवा संगीताचे इतिहास काय, पुढे उभे राहिलेल्यांच्याच नामावळ्या असतात.

हा विचार आमच्या मनात काही वर्षे घोळतो आहे तो एका इंग्रज गायकामुळे. त्याचे नाव बिली निकोल्स. तो आमच्यापर्यंत पोचला यात आमच्या रसिकतेपेक्षा भूगोलाचा वाटा अधिक आहे.

आम्ही सावेडीचे रहिवासी. अहमदनगर शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. सावेडी सावेडीच राहिली. शहराच्या दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगाव आहे आणि तेथे मेहेराबाद. उत्तरेला पिंपळगाव माळवी आणि तेथे मेहेराझाद. आमचे उपनगर या दोहोंच्या मध्ये वसलेले. पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले ते अखेरपर्यंत. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझादला त्यांचे देहावसान झाले. समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे. दरवर्षी अमरतिथीला तेथे दुपारी बारा वाजता हजारो माणसे मौन पाळतात. परदेशी पाहुणे नगरकरांना इतके सवयीचे झाले आहेत की, ते कोण आणि कोठून आले, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

या पाहुण्यांत १९७२ साली ‘द हू’ या रॉक वाद्यवृंदाचा गीतकार आणि गिटारवादक पीट टाउनशेंड होता. ‘टॉमी’ या त्याच्या १९६९ च्या संगीतिकेच्या वेष्टनावर श्रेयनामावळीत मेहेरबाबांचे नाव छापलेले आहे. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे आमच्या अरणगावचे बाबा, आणि ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. लंडनमधील अनुयायी मेहेरबाबांच्या जन्मदिनानिमित्त मोजक्या प्रतींच्या खाजगी तबकड्या काढत: १९७० मध्ये ‘हॅपी बर्थडे’, १९७२ मध्ये ‘आय ॲम’. त्यांच्या चोरट्या प्रती बाजारात फिरू लागल्या, तेव्हा त्यांतील काही गाणी घेऊन टाउनशेंडने १९७२ मध्येच ‘हू केम फर्स्ट’ हा आपला पहिला एकल संग्रह प्रसिद्ध केला. मेहेरबाबांच्या ‘परवरदिगार’ या प्रार्थनेला त्याने दिलेली चाल याच संग्रहात आहे.

आम्ही हा संग्रह प्रथम ऐकला तो त्या प्रार्थनेसाठी. पण एका गाण्यापाशी थबकलो. ‘फॉरेव्हर्स नो टाइम ॲट ऑल’. आवाज टाउनशेंडचा नव्हता. वेष्टन वाचले तेव्हा कळले की, गीत बिली निकोल्स आणि केटी मॅकिनर्नी यांचे, गायक निकोल्स, आणि गिटार, बास, ड्रम्स ही सारी वाद्ये केलेब क्वे या एकट्या वादकाने वाजवलेली. क्वे हा एल्टन जॉनच्या आरंभीच्या तबकड्यांवरचा गिटारवादक. एका विख्यात कलावंताच्या ‘एकल’ संग्रहातले हे गाणे दुसऱ्यांनी रचले, गायले आणि वाजवले होते. ‘एकल’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून आम्हाला नीटसा लागत नाही.

निकोल्सचा जन्म १९४९ चा. विशीच्या आत तो लंडनच्या ‘इमिजिएट’ या कंपनीत गीतकार म्हणून लागला. तिचा चालक अँड्र्यू ओल्डहॅम याला ‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ला इंग्रजी उत्तर द्यायचे होते. त्यातून १९६८ मध्ये ‘वुड यू बिलीव्ह’ हा निकोल्सचा संग्रह तयार झाला. ‘स्मॉल फेसेस’चे वादक त्यात साथीला होते. सुमारे शंभर प्रती निघाल्या आणि प्रकाशन थांबले. कंपनीही पुढे बुडाली. तो संग्रह रीतसर लोकांसमोर आला तो तब्बल तीन दशकांनी. एखाद्या कवीचा पहिला संग्रह छापखान्यातच अडकावा आणि त्याची पन्नाशी जवळ आल्यावर तो वाचकांच्या हाती पडावा, तसे हे झाले.

दरम्यान निकोल्स गप्प नव्हता. त्याने लिहिलेले ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ १९७८ मध्ये लिओ सेयरने गायले आणि २००२ मध्ये फिल कॉलिन्सने. दोन पिढ्यांना ते गायकांच्या नावांनी ठाऊक आहे. त्याचे ‘विदाउट युअर लव्ह’ १९८० मध्ये ‘मॅकव्हिकर’ या चित्रपटासाठी रॉजर डाल्ट्रीने गायले. १९८९ साली ‘द हू’ने पुन्हा दौरा काढला तेव्हा मागच्या गायकांत निकोल्स होता आणि संगीताची व्यवस्थाही पाहत होता. गीतकार, सहगायक, संयोजक अशा साऱ्या भूमिका त्याने केल्या. मथळ्यात मात्र नाव दुसऱ्याचे.

येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. ‘मागे उभे राहणे’ ही नेहमीच साधना नसते. बहुतेकदा तो व्यवहार असतो, आणि तोही विषम. ध्वनिमुद्रणापुरता बोलावलेला वादक त्या बैठकीचे मानधन घेऊन घरी जातो. गाणे पुढे कितीही चालले तरी सहसा त्याचा हिशेब तेथेच मिटतो. गीतकाराला स्वामित्वधन मिळत राहते. म्हणजे त्याच गाण्यात निकोल्स आणि क्वे यांची अज्ञातता एकसारखी नव्हे. निनावीपणाचे गोडवे गाण्यापूर्वी तो कोणी स्वीकारला आणि कोणावर आला, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

आपल्याकडचे उदाहरण गोव्यातले आहे. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी स्वतःची सिंफनी उभी केली. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर झाले. पण २०१२ मध्ये ते वारले तेव्हाही ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते. अज्ञात राहण्याचा याहून विलक्षण प्रकार आम्हाला ठाऊक नाही: नाव सर्वांच्या ओठी आणि माणूस कोणाच्याच ध्यानी नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. हस्तलिखित तपासणारा संपादक, अनुवादक, संहिता लिहून घेणारा लेखनिक, जात्यावरच्या ओवीला दुसऱ्या बाजूने साथ देणारी बाई, ही सारी आपल्या वाङ्मयाची धृपद धरणारी माणसे. कर्त्याचे नाव ठरले की आपली चौकशी संपते. खरे तर ती तेथे सुरू व्हावी. कोणी रचले, यानंतर कोणाच्या आधारावर उभे राहिले, हाही प्रश्न वर्गात विचारला जावा.

‘हू केम फर्स्ट’ या शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘पहिला कोण आला’. निकोल्सचा आवाज त्याच वेष्टनाच्या आत आहे, आणि पहिला येण्याची त्याला काही घाई असल्याचे त्या गाण्यात कोठे जाणवत नाही.