जालन्याहून शर्यतीला

२०११ च्या भाऊबिजेला मी घरी नव्हतो. पाडव्यालाच ताईने जालना स्टेशनवर मला ओवाळले, मोसंब्यांची पिशवी हाती दिली; पण सचखंड एक्सप्रेस सुटेपर्यंत बोलली नाही. मोटारी पाहायला का कोणी दिल्लीकडे जातो!

३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती. त्याच महिन्यात शर्यतीत दगावलेल्या वेल्डन आणि सिमॉन्चेली यांच्यासाठी मिनिटभर सारे स्तब्ध राहिले. मग जो आवाज उठला, तो थेट बरगड्यांत घुमला. साठ फेऱ्या झाल्या, फेटल जिंकला. आमचा घसा मात्र नारायण कार्तिकेयनसाठी बसला.

परतल्यावर ताईने पाट मांडला.

"आपला कितवा आला?"

"सतरावा."

"एवढ्या लांब जाऊन!" म्हणत तिने आणखी एक करंजी वाढली.