पाटीवरचा आकडा

अब्बा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे स्कारबरोला आले, त्याच वसंतात मी बोट घ्यायचं ठरवलं होतं. इथे ऑन्टारियोत मे महिना लागला की दर तिसऱ्या गाडीच्या मागे ट्रेलरवर बोट दिसते. पंधरा वर्षं मी ती नुसती बघत होतो. मुलं मोठी होत चालली होती. राजिवड्याच्या तांडेलाची नातवंडं आणि त्यांनी कधी गळ टाकलेला नाही, हे मला खटकत होतं.

गावाकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथल्या तळ्यांवर बारा ते सोळा फुटांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी सर्रास दिसतात. वजनाला हलक्या, त्यामुळे साध्या गाडीनेही ओढता येतात. खडकावर आपटल्या तर बहुतेक वेळा पोचा पडतो, फायबरसारखा तडा जात नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर ग्रमन या विमानं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने त्याच पत्र्यापासून कनू बनवायला घेतल्या. पुढे या धातूच्या लहान बोटी इथे घरोघरी पोचल्या. मागच्या फळीला आउटबोर्ड इंजिन अडकवायचं, दांडा हातात धरायचा आणि निघायचं.

नवी बोट माझ्या बजेटबाहेर होती. कर्ज काढायचं नव्हतं. जुन्या तीन बोटी हेरून ठेवल्या आणि एका शनिवारी अब्बांना घेऊन निघालो. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, या खेळण्यांकडे बघून हसतील आणि म्हणतील, घे कुठलीही. असं मला वाटलं होतं.

पहिली बोट स्कुगॉग तळ्याजवळ होती. चौदा फुटी, चपट्या तळाची. तिला इथे जॉन बोट म्हणतात. वेल्डिंगची, जवळपास नवी, ९.९ हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनासकट. हा ९.९ आकडा विनाकारण नाही. कॅनडात दहा किंवा त्याहून जास्त हॉर्सपॉवरच्या इंजिनाची बोट असेल तर तिचा परवाना नंबर काढावा लागतो, त्यामुळे बरेच जण त्याच्या आत राहतात. बोटीत उभा राहिलो तर ती घरातल्या फरशीसारखी स्थिर. मी खूश झालो.

अब्बांनी काठाला हात लावला. काठ त्यांच्या गुडघ्यापर्यंतही येत नव्हता.

"तू कुठल्या पाण्यात जाणार, ते आधी सांग," ते म्हणाले.

मी म्हणालो, इथे स्कुगॉगमध्ये, पण जास्त करून सिमको तळ्यात. स्कुगॉग उथळ आहे, सरासरी खोली दीड मीटरच्याही आत. सिमको म्हणजे सुमारे ७२० चौरस किलोमीटरचा उघडा पसारा, काही ठिकाणी चाळीस मीटर खोल. दुपारी वारा सुटला की तिथे बघता बघता लाटा उठतात.

"मग ही नको. उथळ पाण्यात, गवतात ही छान. लाट आली की हिचा तळ लाटेवर आपटणार. पोरं घाबरतील. आणि एवढ्याशा काठावरून पाणी आत यायला किती वेळ?"

दुसरी बोट बॅरीजवळ. हीसुद्धा चौदा फुटी, पण पुढे निमुळती होत गेलेली, इंग्रजी व्हीच्या आकाराच्या तळाची. लाट कापत जाणारी. काठ उंच. सगळी रिव्हेटची, माझ्याच वयाची. मागे पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं एव्हिनरूड. ओले एव्हिनरूड पाच वर्षांचा असताना नॉर्वेहून अमेरिकेत आलेलं पोर, आणि १९०९ पासून त्याने आउटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली. हे मी अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखाच, बाहेरून आलेला." २०२० साली त्या नावाची नवी इंजिनं बनणं बंद झालं, पण हे इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. किंमत पहिलीच्या निम्मी.

रिव्हेटच्या बोटीची परीक्षा सोपी असते. ट्रेलरवर असतानाच आत पाइपने चार बोटं पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं. जास्त भरायचं नाही, पाण्याच्या वजनाने ट्रेलरचं नुकसान होतं. आम्ही पाणी भरलं. पाच-सहा ठिकाणी थेंब धरले. मालक म्हणाला, हे दुरुस्त होतं. खरंच होतं. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट करता येतात, नाहीतर बदलता येतात.

अब्बा मागे गेले. इंजिन जिथे अडकवतात त्या फळीवर त्यांनी बोटांनी ठोकलं, जसा आपण नारळ ठोकून बघतो. या जुन्या बोटींत बाहेर पत्रा असला तरी त्या जागी आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. इंजिन खालून धरून वर-खाली हलवलं तर फळी किंचित वाकली.

"फळी बदलावी लागेल."

"बदलू या, अब्बा. तरी स्वस्तच पडेल."

मग त्यांनी ती पाटी पाहिली. इथे लहान बोटींना आत एक पाटी लावलेली असते. किती हॉर्सपॉवर, किती माणसं, एकूण किती किलो. त्यांनी मला वाचायला लावलं. माणसं, चार.

"आपण किती?"

सहा. मी, बायको, तीन मुलं आणि अब्बा.

मी हसलो. म्हणालो, हे गोरे लोक प्रत्येक गोष्टीवर पाटी लावतात. धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याचं वजन किती? दोन पोरं मिळून एक माणूस धरा. आणि तुम्ही तर खाडीतून वऱ्हाडं नेलीत!

अब्बा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर, बराच रस्ता गेल्यावर बोलले.

"वऱ्हाड नेलं होतं. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. होडीत दहा माणसं नीट बसत. मी चौदा घेतली. कुणाला नाही म्हणायचं? सगळे आपलेच. वर दोन देगा, भांडी. खाडीच्या तोंडाशी आलो तर ओहोटीचं पाणी बाहेर जात होतं आणि वारा समुद्राकडून आत. अशा वेळी तिथे लाटा उभ्या राहतात, आणि ते मला माहीत होतं. पहिलं पाणी आत आलं, बायका एका बाजूला सरकल्या, होडी कलली. मी ओरडून सगळ्यांना खाली बसवलं आणि देगा पाण्यात ढकलल्या. कसेबसे काठाला लागलो. नवऱ्याचा बाप देगांसाठी माझ्याशी भांडत होता."

ते थोडं थांबले.

"सगळे म्हणाले, अल्लाहनं वाचवलं. खरंच वाचवलं. पण बुडवायची तयारी मी केली होती. ते कुणी बोललं नाही, मीही कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांच्याजवळ होती. मला काय बोलावं कळेना. उंट बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ असते. जुम्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर येऊन एका मोटरसायकलवर चौघे बसतो. पाटीवर चार लिहिलं असेल तर त्यात पाचवा, सहावा धरलेलाच आहे असं समजायची सवय मी बारा-तेरा हजार किलोमीटर लांब येतानाही सोबत आणली होती. अंतर मी नक्की मोजलेलं नाही, पण सवय अजिबात हरवली नव्हती.

तिसरी बोट सोळा फुटी. तीही व्हीच्या आकाराची, रिव्हेटचीच, पण पाणी भरल्यावर कोरडी राहिलेली. ठोकल्यावर फळीचा आवाज टणक. इंजिन २५ हॉर्सपॉवरचं. मागची फळी वीस इंचांची होती आणि इंजिनही लांब दांड्याचं. हे जुळतं का ते बघावं लागतं. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. किंमत दुसरीच्या दुपटीहून जास्त. पाटीवर माणसं, पाच.

म्हणजे तरीही एक जास्तच.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मुलीने कागद घेतला आणि हिशेब मांडला. पाटीवरच्या किलोंमध्ये फक्त माणसं धरायची नसतात. इंजिन साठ-सत्तर किलो, पेट्रोलची भरलेली टाकी वीसच्या वर, नांगर, बॅटरी, डबे. बायको म्हणाली, "तीच घ्या. आणि दर वेळी एक जण काठावर राहील." तिने उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. त्या वर्षी आम्ही दुसरीकडे कुठे गेलो नाही. मला इथे बोट चालवायला लागतं ते कार्ड काढायचं होतं, त्याची परीक्षा दिली. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आणली. जॅकेट बोटीत पडून असेल तर उपयोग नाही, बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर ते नसतंच. घरचा नियम झाला, काठावरच घालायचं.

जूनमध्ये पहिल्यांदा सिमकोवर गेलो, तेव्हा काठावर अब्बा राहिले. स्वतःहून. धक्क्यावर खुर्ची टाकून बसले आणि आम्ही परत येईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या फेरीत मी काठावर राहिलो असतो, पण चालवणारा मीच. म्हणून थोरला उतरला, कुरकुर करत. अब्बा पुढे नाळेजवळ बसले. सवारीची दुआ पुटपुटले. मग हात पाण्यात घालून बोट जिभेला लावलं.

"गोडं पाणी. ना भरती, ना ओहोटी. ह्याला दर्या कसं म्हणायचं?" आणि थोड्या वेळाने, "पण वारा तोच आहे."

मी विचारलं, अशी बोट आपल्या खाडीत चालेल का? म्हणाले, तुझ्या या पत्र्याला खारं पाणी मानवेल का ते तू बघ, आमचं फायबर बरं. मला वाचून माहीत होतं, खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला तांब्यासारखा दुसरा धातू चिकटला की ते खायला लागतं. म्हातारा न वाचता बरोबर होता.

त्या दिवशी धाकट्याला एक पर्च लागला, वीतभर. अब्बांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "मांदेलीपेक्षा मोठा आहे." एवढं कौतुक त्याला आठवडाभर पुरलं.

अब्बा ऑक्टोबरमध्ये परत गेले. आता आम्ही बरोबर पाच आहोत, काठावर कुणाला राहावं लागत नाही. तरी उन्हाळ्यात दर रविवारी त्यांचा फोन येतो. मासे मिळाले का, हे ते नंतर विचारतात.

"किती जण होतात?"

"पाच."

"जाकेटं?"

"पाच."

"ठीक," म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.