घरातले खटके

चार माणसांच्या घरात खटके उडावयाचेच. आमच्या घरी मात्र गतवर्षीच्या वैशाखात जे खटके उडत, ते दोन जातींचे होते. पहिला भिंतीवरल्या बोर्डात उडे. आणि तो उडाला की पंखा, फ्रिज व कूलर एकदम थांबून दुसरा, म्हणजे माणसामाणसांतला, उडण्यास विलंब लागत नसे. वाळूजचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. भोवताली झाड कमी आणि पत्रा फार. दुपारी खाम नदीकडून येणारा वाराही तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा लागतो. अशा वेळी कूलर हा घरातील कर्ता पुरुष होऊन बसतो, आणि तोच दर अर्ध्या तासाने बंद पडू लागला तर घराची शांतता कोठून राहावी?

दोष कोणाचा हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते. दिवाळीपूर्वी घराचे वायरिंग नवे करविले, तेव्हा वायरमनने मीटरशेजारी एक रुंद, पांढरी डबी बसविली होती. तिला तो 'ईएलसीबी' म्हणे. तिच्यावर आरसीसीबी असे छापले होते. तिच्या अंगावर एक लहानसे बटण होते व ३० मिलिअँपिअर असा आकडा होता. जुन्या घरात ही डबी नव्हती आणि जुन्या घरात वीज कधी अशी जात नव्हती. तेव्हा डबीच खराब, असे आमचे तर्कशास्त्र. ह्यापेक्षा कच्चे तर्कशास्त्र एखाद्या शाळकरी पोरानेही लढविले नसते, हे आज लिहिताना शरम वाटते.

वायरमनला बोलाविले. हा गृहस्थ दिवसा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि सायंकाळी घरोघरची कामे घेतो. १९८५ साली बजाजचा कारखाना येथे आला तेव्हापासून अशा दुहेरी हाताच्या माणसांची वाळूजला वाण नाही. त्याने डबीकडे पाहिले, खिडकीबाहेरच्या कूलरकडे पाहिले, आणि म्हणाला, "काका, काढायला काय लागतं? दोन मिनिटं. पण ती उगाच नाही पडत. कुठंतरी करंट उतरतोय." कूलर उघडून पाहावयाचा तर त्याला एक सबंध सकाळ हवी होती, आणि ती रविवारखेरीज मिळणार नव्हती. आम्हांस मात्र त्याच रात्री झोप हवी होती. "बाकीचे एमसीबी आहेतच की!" असे आम्ही मोठ्या जाणतेपणाने म्हणालो. त्याने मान हलविली आणि डबी वगळून तारा सरळ जोडून दिल्या. रविवारी येतो म्हणून गेला. पण कूलर आता अखंड चालू लागला होता, आणि रविवारी त्याला बोलावण्याची आठवण कोणासच राहिली नाही.

नवव्या दिवशी आई कूलरमध्ये पाणी ओतावयास गेली. कूलर बाहेर लोखंडी घोडीवर, घोडीचे पाय चिखलात. बादली आपटल्याचा आवाज आला व पाठोपाठ आईचा. तो आवाज आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. धावत गेलो तो ती भिंतीशी बसलेली, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. "मेला झटका केवढा बसला रे!" एवढे तिला बोलता आले. हाताची मागची बाजू पत्र्यास लागली होती म्हणून हात मागे फेकला गेला. तळहाताने कड धरली असती तर बोटे आपोआप आवळली असती. पायांत रबरी चपला होत्या हीही पुण्याईच. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रात्रभर ठेवून घेतले, आणि सकाळी घरी सोडले.

घरी परतल्यावर आम्ही प्रथम बोर्डापाशी गेलो. कूलरचा १६ अँपिअरचा एमसीबी जसाच्या तसा वर होता. आई खाली पडली, बादली कलंडली, आणि ज्याच्या भरवशावर आम्ही डबी काढविली तो पहारेकरी जागचा हललाही नव्हता! त्या क्षणापर्यंत दोन्ही खटके एकाच कामाचे, एक जरा चांगला व एक जरा तुसडा, अशी आमची समजूत होती.

एमसीबी हा तारांचा रखवालदार आहे, माणसांचा नव्हे. जर्मनीत मानहाइम येथे हूगो श्टोट्स ह्याने १९२४ साली त्याचे पेटंट घेतले तेव्हा वितळणाऱ्या फ्यूजच्या तारेस पर्याय देणे एवढाच त्याचा हेतू होता. त्याच्या पोटात दोन युक्त्या असतात. दोन धातूंची एक जोडपट्टी जास्त प्रवाहाने तापून हळूहळू वाकते. आणि शॉर्ट सर्किट झाले तर एक कॉइल क्षणात खटका ओढते. परंतु जोडपट्टीचा स्वभाव फार सोशिक. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर प्रवाह तासभर मुकाट्याने वाहू देतो. २३ अँपिअरच्या थोडे वर गेले म्हणजे तासाभराच्या आत पडण्याचे त्यावर बंधन आहे. आता माणसाचा हिशेब पाहा. ओल्या हातापायांच्या शरीराचा रोध हजार ते दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास हा पुरेसा आहे. आणि एमसीबीच्या लेखी तो फार तर त्याच्या मर्यादेचा सुमारे सत्तरावा हिस्सा. माणूस मरतो आहे हे त्यास कळावयाचे कसे?

ती पांढरी डबी निराळाच प्रश्न विचारते. किती वीज गेली ह्याच्याशी तिला कर्तव्य नाही; गेली तितकी परत आली काय, एवढेच ती पाहते. फेज आणि न्यूट्रल ह्या दोन्ही तारा तिच्यातील एका लोहकड्यातून जातात. जाणारा व येणारा प्रवाह सारखा असला की दोघांचे चुंबकत्व एकमेकांस खोडून काढते. घोडीच्या पायांतून, ओल्या भिंतीतून वा कोणाच्या देहातून काही प्रवाह परस्पर जमिनीत गेला, की जमाखर्चात तूट पडते. तूट तीस सहस्रांश अँपिअर झाली की तीनशे मिलिसेकंदांच्या आत, आणि त्याच्या पाचपट झाली तर चाळीस मिलिसेकंदांच्या आत तिने वीज तोडलीच पाहिजे, असा दंडक आहे. हृदयाच्या एका ठोक्यास साधारण आठशे मिलिसेकंद लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या चाळीसांची किंमत कळते. झटका बसतोच, तो लांबत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल ह्यांनी माणसाचा हात कोणत्या प्रवाहापर्यंत स्वतः सुटू शकतो हे वर्षानुवर्षे मोजले, आणि १९६१ मध्ये ह्याच तत्त्वावर तिकडचे घरगुती उपकरण घडविले. ते तर पाच मिलिअँपिअरच्या आसपासच पडते.

तेव्हा आमची डबी वैशाखभर काय करीत होती? दर अर्ध्या तासास खरे बोलत होती. रविवारी वायरमनने कूलर उघडला तेव्हा पाण्यातील पंपाच्या वायरीचे आवरण तडकलेले निघाले. शिवाय कूलर दोन तारांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला. प्लगची तिसरी, जाडी पिन त्यात बसेना म्हणून मागल्या वर्षी आम्हीच पक्कडीने मोडली होती. हा पराक्रम आम्ही पार विसरलो होतो.

ती पिन शाबूत असती तर तेवढ्याने भागले असते काय, असे आम्ही त्यास विचारले. त्याने अंगणातील अर्थिंगचा खड्डा दाखविला. त्यात पाणी घालून किती महिने झाले होते देव जाणे! मराठवाड्यातील मुरूम उन्हाळ्यात विटेसारखा कोरडा होतो आणि वीज सहजी आत घेत नाही. जमिनीतून परतणाऱ्या वाटेचा रोध एकंदर २० ओहम जरी झाला, तरी फेज थेट पत्र्यास चिकटूनही प्रवाह साडेअकरा अँपिअरच भरतो. १६ चा एमसीबी तोही पचवितो, आणि पत्रा जिवंत तो जिवंतच राहतो. मराठवाड्यात व विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरमध्ये करंट उतरून माणूस गेल्याच्या ज्या चार ओळी वर्तमानपत्रांत येतात, त्यांमागील गणित बहुधा हेच असते. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षानियमांत गळतीरक्षक उपकरणाचे कलम होते व २०२३ च्या नियमांतही ते आहे. पण कलम काही भिंतीवर आपण होऊन येऊन बसत नाही.

डबी सर्वशक्तिमान आहे असेही नव्हे. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास ती वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशेबी गेलेले सारे परत आलेले असते. तारांवर भार जास्त झाला तरी ती स्वस्थ. तेथे एमसीबीच हवा. इन्व्हर्टरचे न्यूट्रल भलतीकडे जोडले तर ती विनाकारणही पडते, आणि मग आमच्यासारखे शहाणे तिला काढून टाकतात.

डबी पुन्हा बसविली. पंप, वायर आणि प्लग नवे आणले. साऱ्याचा खर्च आईच्या इस्पितळातील एका रात्रीहून कमी आला. वायरमनने जाताना त्या लहान बटणाचे मर्म सांगितले: ते दाबले म्हणजे डबी आपणच खोटी गळती उत्पन्न करून स्वतःची परीक्षा घेते, आणि न पडल्यास ती बदलावी. महिन्यातून एकदा दाबा, असे तो आम्हांस उद्देशून म्हणाला. पण ऐकले ते आईने. महिन्याचा दिवस ध्यानात राहावा म्हणून तिने संकष्टी धरली आहे. चंद्रोदयाची वेळ पाहून झाली की ती स्टूल ओढून बोर्डाखाली उभी राहते व बटण दाबते. टक् असा आवाज होऊन घरभर अंधार होतो, टीव्हीसमोरची मंडळी ओरडतात, आणि ती सावकाश खटका वर करते.